अंकलिपी आणि अंगठा

दिवाळी अंकांतून कादंबऱ्यांची परीक्षणे येतात, कवितासंग्रहांची येतात, एखाद्या नाटकाने गर्दी खेचली तर त्यावर दोन-दोन लेखही येतात. परंतु मराठी माणसाच्या हाती जे पुस्तक सर्वांच्या आधी पडते आणि ज्याची पाने तो शब्दशः चघळतो, त्या पुस्तकासाठी कोणा टीकाकाराने लेखणी उचललेली मला आठवत नाही. ते पुस्तक म्हणजे अंकलिपी. तिला लेखक नाही. असलाच तर त्याचे नाव कोणी विचारीत नाही. प्रस्तावना नाही, अर्पणपत्रिका नाही, दुसऱ्या आवृत्तीचे चार शब्द नाहीत. वाण्याच्या दुकानात वह्या आणि उदबत्त्या यांच्यामध्ये ती दोरीवर लटकत असते, आणि ही आवृत्ती कितवी हे खुद्द छापणाऱ्यालाही सांगता यायचे नाही. असले पुस्तक परीक्षणाला घेणे हा कोणास पोरखेळ वाटेल. वाटो. अडतीस वर्षे मी पहिली-दुसरीचे वर्ग सांभाळले. या पुस्तकाने मला भाकरी दिली आहे. तेव्हा त्याच्याविषयी चार बरेवाईट शब्द लिहिण्याचा अधिकार माझ्याइतका दुसऱ्या कोणाला असेल असे मला वाटत नाही.

निमित्त घडले ते गेल्या दिवाळीत. माझा नातू खारघरहून शिरढोणला आला. वय वर्षे चार. पिशवीत टिकल्यांच्या डब्या, एक प्लास्टिकचे पिस्तूल आणि त्यांच्याखाली एक चाररेघी वही. वहीत पानेच्या पाने अक्षरे गिरवायला दिलेली, आणि शेवटच्या पानावर चिठ्ठी चिकटवलेली: मुलाचे अक्षर कच्चे आहे, सुट्टीत घरी सराव करून घ्यावा. शाळेचे नाव सांगत नाही. ते अमुकच असायला हवे असेही नाही, इतकी ही चिठ्ठी आता सार्वत्रिक झाली आहे. सूनबाईंनी वही माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाल्या, "बाबा, तुम्ही एवढ्या मुलांना शिकवलंत, याचं तेवढं बघा ना. पुढच्या वर्षी प्रवेश मिळायचा नाही म्हणतात." त्यांच्या आवाजात जी भीती होती, ती मी पूर्वी दहावीच्या मुलांच्या आयांच्या तोंडी ऐकली होती. चार वर्षांच्या मुलाच्या आईच्या तोंडी ती मी प्रथमच ऐकली.

जुना मास्तर दुसरे काय करणार? मी नाक्यावर गेलो आणि अंकलिपी घेऊन आलो.

पहिल्याच पानावर आमचे अडले. अ अननसाचा, आ आईचा, येथपर्यंत गाडी सुरळीत होती. उ उखळाचा. नातवाने चित्राकडे पाहिले आणि म्हणाला, "बादली." ऐ ऐरणीचा. "जहाज," नातू म्हणाला, आणि ऐरणीचे ते निमुळते टोक पाहता त्याचे फारसे चुकले असे मलाही म्हणवेना. औ औताचा. यावर तो काहीच बोलला नाही. मग मला उखळ म्हणजे काय ते सांगावे लागले. त्यासाठी कांडणे म्हणजे काय ते सांगावे लागले. त्यासाठी भात आणि तांदूळ निराळे असतात ते सांगावे लागले. तेवढ्यात उ राहिला बाजूला आणि पोरगा टिकल्या फोडायला पळाला.

त्या दुपारी मी अंकलिपी प्रथमच टीकाकाराच्या नजरेने वाचली. अडतीस वर्षे ती शिकवली होती, वाचली नव्हती.

या पुस्तकाची रचना पाहिली की तिच्यामागचा विचार लक्षात येतो. अक्षर ही मुलाला अनोळखी गोष्ट आहे. वस्तू ओळखीची आहे. ओळखीच्या वस्तूचे बोट धरून अनोळखी अक्षरापर्यंत जायचे. ज्याने कोणी हे प्रथम योजिले, त्याच्या घरी पडवीत उखळ होते, गोठ्याशेजारी औत टेकून ठेवलेले होते आणि गावात लोहाराची भट्टी धगधगत होती. ज्या मुलाने उखळात हात घालून मुसळाखाली बोटे सापडता सापडता वाचवली आहेत, त्याला उ शिकवायला अर्धा क्षणही लागायचा नाही. पण ते उखळ गेले. पनवेल तालुक्यातील भाताची खाचरे कशी आणि कोणकोणत्या कामांसाठी गेली ते येथे सांगत बसत नाही, आम्ही ते रोज पाहतो. वस्तू गेल्या आणि पुस्तक राहिले. आणि राहिले ते उलटे होऊन राहिले. आता अनोळखी अक्षर आणि अनोळखी वस्तू ही दोन्ही एकदमच मुलाच्या पुढ्यात येतात, आणि आपण त्याला म्हणतो, पाठ कर. तो करतो. मुले बिचारी काय वाटेल ते पाठ करतात.

पुस्तकाचा आणखी एक दोष मला नोकरीत असताना दिसायला हवा होता. य यज्ञाचा, ऋ ऋषीचा, भ भटजीचा, क्ष क्षत्रियाचा. ही चित्रे ज्या घरातली, त्या घरातली मुले माझ्या वर्गात फार थोडी होती. आमच्या बाजूला आगरी आहेत, कर्नाळ्याच्या अंगाला ठाकूर आणि कातकरी आहेत. त्या घरांतले होडी, जाळे, कोयता, मोहाचे फूल, खेकडा यांनी वर्णमालेतली कितीतरी घरे झकास भरली असती. भटजीला माझा विरोध नाही. परंतु ज्याच्या दारात भटजी कधी आलाच नाही, त्याला भ शिकवायला भटजी बोलावणे हा शिकवण्याच्या दृष्टीने आडमार्ग आहे, एवढेच माझे म्हणणे. अलीकडच्या काही अंकलिप्यांतून भटजी जाऊन तेथे भोवरा किंवा भुईमूग आलेला दिसतो, ही चांगली गोष्ट आहे.

आता गुण सांगतो, कारण परीक्षण एकांगी असू नये. ङ आणि ञ यांच्यापुढे अंकलिपीने कित्येकदा चौकोन रिकामाच ठेवलेला असतो. हा प्रामाणिकपणा मला फार आवडतो. आपल्यापाशी द्यायला काही नाही तेथे काही न देणे हे पुष्कळ मोठ्या ग्रंथकारांना साधलेले नाही. आणि तिचा दुसरा गुण ण आणि ळ येथे दिसतो. मराठीत ण ने शब्दाचा आरंभ होत नाही. म्हणून ण बाणाचा, ळ बाळाचा. आतापर्यंत मूल शब्दाचे पहिले अक्षर ऐकत आलेले असते. येथे अकस्मात त्याला शब्दाच्या शेवटी कान लावावा लागतो. मोठ्या माणसांना यात विशेष वाटत नाही. परंतु बोललेला शब्द हा तुकड्यांचा बनलेला आहे आणि ते तुकडे सुटे करून ऐकता येतात, हे कळणे म्हणजे वाचनाचा अर्धा डोंगर चढणे होय. ज्याला 'कमळ' मधले क, म, ळ कानाने वेगळे करता येतात त्याला वाचता येऊ लागते. ज्याला येत नाहीत तो नुसती चित्रे ओळखत राहतो. लाल टोपी घातलेले चित्र दिसले की तोंड उघडतो आणि अक्षर झाकले की गप्प बसतो. ही कानाची तयारी पूर्वी कोण करून घेत होते? भेंड्या लावणाऱ्या मावश्या आणि आत्या. समोरच्याचे गाणे जेथे संपले त्या अक्षरापासून आपले सुरू करायचे. मोटारीतून गावी जाताना आजही भेंड्या लागतात, पण मागच्या आसनावरच्या लहानग्याच्या हातात त्या वेळी बहुधा मोबाइल असतो.

या ण वरूनच एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती माझ्या कमीपणाची आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षांत, ज्या गावी मी होतो तेथे एक आगरी मुलगा माझ्या वर्गात होता. तो 'बान' म्हणे. "न बानाचा." त्याच्या घरी, त्याच्या आळीत, सगळ्यांच्याच बोलण्यात ण नव्हता; पाणी नव्हते, पानी होते. त्याचा कान तसा घडलेला होता आणि मी त्याला जीभ वळवायला सांगत होतो. त्यातून तो पाटीवरची पेन्सिल मुठीत सुरी धरावी तशी धरी आणि ती कटाकट मोडे. मी त्याच्या बोटांच्या पेरांवर पट्टी मारीत असे. एकदा नव्हे, पुष्कळदा. "हात जड आहे याचा," असे मी त्याच्या बापाला वर्गाच्या दारात सर्वांसमक्ष सांगितले. चौथीनंतर त्याने शाळा सोडली. पुढे कितीतरी वर्षांनी पेणला गणपती आणायला गेलो असता कारखान्यात एक जण मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करीत होता. कुंचल्याचे चार केस, श्वास रोखलेला, आणि एका ओढीत बुबुळाची कड. त्यानेच मला ओळखले. "गुरुजी, बसा," म्हणाला, आणि चहा सांगितला. पट्टीचा विषय त्यानेही काढला नाही, मीही काढला नाही. मी मूर्ती घेऊन आलो, आणि त्या वर्षी आरतीच्या वेळी मला त्या डोळ्यांकडे नीट पाहवले नाही.

हात जड नव्हता. तो सहा वर्षांचा हात होता.

या जागी थोडे शरीरशास्त्र सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. वाचकांनी कंटाळू नये. मनगटात आठ लहान हाडे असतात. मूल जन्मते तेव्हा ती हाडे नसतातच, नुसती कूर्चा असते. पुढे एकेक करून ती घट्ट होत जातात आणि शेवटच्या हाडाची पाळी येईपर्यंत मूल नऊ ते बारा वर्षांचे झालेले असते. दीड वर्षाचे मूल खडू मुठीत धरते आणि सबंध खांद्याने रेघ ओढते. मग कोपर हलू लागते, मग मनगट, आणि सरतेशेवटी, बहुतेकांच्या बाबतीत चार ते सहा या वयात, पेन्सिल अंगठा, तर्जनी आणि मधले बोट यांच्या तिकाटीत येऊन विसावते. ही वाट खांद्यापासून बोटांच्या टोकांकडे जाते. तिला उलटी किंवा झटपट करता येत नाही. चार वर्षांच्या मुलाचे अक्षर कच्चे आहे ही तक्रार म्हणजे आषाढात आंबा आंबट लागतो अशी तक्रार नव्हे. ती फाल्गुनात कैरी आंबट लागते अशी तक्रार आहे.

माझ्या अंगणातून कर्नाळ्याचा सुळका दिसतो. मुंबई-गोवा रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाने तो पाहिला असेल. आम्ही त्याला लहानपणापासून अंगठा म्हणत आलो. मुठीतून एकच अंगठा उभा करावा तसा तो डोंगरातून वर आलेला आहे. आमच्या भाषेने अंगठ्याला फार वाईट वागवले आहे. ज्याला लिहिता येत नाही तो अंगठेबहाद्दर. सही आली की अंगठा सुटला. जणू अंगठा आणि अक्षर हे एकमेकांचे वैरी. वास्तविक अंगठा तर्जनीला नीट टेकल्याखेरीज एकही अक्षर कागदावर उमटत नाही. त्या टेकण्याला मराठीत चिमूट असा सुंदर शब्द आहे, आणि जुन्या घरात मुलाची चिमूट दिवसभर कामाला लावलेली असे. रांगोळीची चिमूट. समईची वात वळायची, तीही चिमटीत. करंजीच्या कडेला मुरड घालायची. आमच्या बाजूला तर वाल. रात्री भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, मग कोमट पाण्यात टाकून सोलायचे. अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये वाल धरून अगदी बेताने दाबावा लागतो. कमी दाबला तर साल निघत नाही. जास्त दाबला तर डाळिंबी सटकून भिंतीवर. परातभर वाल सोलणाऱ्या पोराला पेन्सिल किती दाबायची हे पुन्हा कोणी शिकवायला नको. आणि परातीभोवती बसलेल्या मोठ्या बायका त्या वेळात जे बोलत, त्यातून त्याला शब्द मिळत. कोणी मोजायला सांगे, त्यातून आकडे मिळत. पाळी आल्यावरच ताट आपल्याकडे ओढायचे, त्यातून थांबणे मिळे. या सगळ्याला कोणी शाळा म्हणत नसे.

तेव्हा अंकलिपी त्या काळी पुरेशी होती याचे कारण ती एकटी नव्हती. ती शेवटचे एक टक्का काम करीत होती.

आमच्या गावचे वासुदेव बळवंत फडके यांच्या बालपणाविषयी या दृष्टीने विचार करण्यासारखा आहे. जन्म येथलाच, ४ नोव्हेंबर १८४५ चा. आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार. शाळेपेक्षा कुस्ती आणि घोडा यांच्याकडे ओढा असलेला मुलगा, असेच त्यांचे वर्णन आपण वाचत आलो. परंतु हाच मुलगा पुढे पुण्यात लष्करी खात्यात लेखनिक झाला. महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटी १८६० सालच्या आपल्या स्थापनेत वामन प्रभाकर भावे आणि लक्ष्मण नरहर इंदापूरकर यांच्याबरोबर त्यांचेही नाव घेते. आणि १८७९ साली पकडले गेल्यावर खटल्यात त्यांच्याविरुद्ध जे मांडले गेले त्यात त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलेली रोजनिशी होती. लगाम धरणाऱ्या हाताला लेखणी धरता आली नाही असे काही झाले नाही.

त्या काळची मुले पहिले अक्षर धूळपाटीवर काढीत. लाकडी पाटीवर धूळ किंवा विटांची बारीक पूड पसरायची आणि बोटाने किंवा काडीने अक्षर ओढायचे. धुळाक्षरे हा शब्द तेव्हाचाच. ॐ नमः सिद्धम् पासून सुरुवात होई म्हणून ओनामा. पंतोजींच्या शाळेची आठवण काढून गहिवरणाऱ्यांपैकी मी नाही. छडी होती, ओणवे उभे करणे होते, आणि बहुसंख्य जातींच्या मुलांना आणि जवळजवळ सर्व मुलींना तिचे दार बंद होते. पण धुळीचे शहाणपण मान्य केले पाहिजे. धुळीत बोट रुतते, अक्षराचे वळण सबंध हाताला जाणवते. आणि चुकले तर तळहात फिरवला की चूक नाहीशी. वहीत लाल शाईची फुली राहते, धुळीत राहत नाही. १९०७ साली रोममध्ये मारिया माँटेसरीबाईंनी गरीब वस्तीतल्या मुलांसाठी घर उघडले, तेथे खरखरीत कागदाची अक्षरे कापून मुलांना त्यांवरून बोट फिरवायला दिले. बोट फिरवता फिरवता काही महिन्यांनी मुले आपण होऊन लिहू लागली, आणि वाचनाच्या आधी लिहू लागली, तेव्हा जगाला नवल वाटले. शिरढोणच्या पंतोजींना नवल वाटले नसते.

माँटेसरीबाईंचा हा विचार आपल्याकडे आणून त्याला आपल्या मातीचा रंग दिला तो गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी. गिजुभाईंनी १९२० साली भावनगरला बालमंदिर काढले; ताराबाई तेथे काही वर्षे होत्या; १९२६ साली दोघांनी मिळून नूतन बालशिक्षण संघ उभा केला. येथवरचा इतिहास शहरी आहे. लाकडाची आणि धातूची सुबक साधने, स्वच्छ कपड्यांतली मुले. मला आदर वाटतो तो त्यानंतरच्या ताराबाईंविषयी. पन्नाशी ओलांडल्यावर, १९४५ साली, त्या बोर्डीला गेल्या. दलित वस्तीतली मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द असा आला. १९७५ साली सरकारने बालविकासाची योजना काढली तेव्हा तो देशभर गेला, आणि आज ज्याच्या-त्याच्या तोंडी असलेल्या या शब्दामागे त्या अंगणातली धूळ आहे हे विसरले गेले. शिंपले, खडे, गुंजा, बिया, पाने ही त्यांची साधने. महागड्या पेटीतली साधने गरिबाला परवडत नाहीत म्हणून ही घेतली, असे सांगतात. माझ्या मते ती नुसती स्वस्त नव्हती, अधिक चांगली होती. कारखान्यातले मणी सगळे सारखे. दोन शिंपले कधी सारखे नसतात, आणि भेद ओळखणे हीच तर बुद्धीची पहिली खूण.

ताराबाईंबरोबर अनुताई वाघ होत्या. तेरा वर्षांच्या असताना लग्न, काही महिन्यांतच वैधव्य, मग शिक्षण, पुण्यात शिक्षिकेची नोकरी, आणि ती सोडून बोर्डी आणि कोसबाड. त्यांचे 'कोसबाडच्या टेकडीवरून' हे आत्मकथन ज्यांनी वाचले नसेल त्यांनी या दिवाळीत वाचावे. त्यात एकही मोठा शब्द नाही. डहाणू तालुक्यातली आदिवासी मुले गुरे राखायला जात, म्हणून त्यांनी शाळा कुरणात नेली. कुरणशाळा. त्या मुलांचे हात आणि डोळे आधीच तयार होते: पाखरू आवाजावरून ओळखणारी, झाडावर सरसर चढणारी मुले ती. त्यांच्यापाशी नव्हते ते अक्षर. आणि माझ्या नातवाचे नेमके उलटे. त्याला सव्वीस इंग्रजी अक्षरे गाण्यात म्हणता येतात, आणि सदऱ्याचे बटण लावता येत नाही.

येथे ताराबाईंच्या काही भक्तांशीही माझे जुळत नाही. लहान मुलांना अक्षराचा वाराही लागू नये, नुसते खेळू द्यावे, असे ते म्हणतात. ज्याच्या घरात तीन पिढ्या पुस्तके आहेत त्याने हे खुशाल म्हणावे. कातकरवाडीतली आई अंगणवाडीच्या सेविकेला विचारते, "पोराला कवा लिवायला शिकवनार?" तेव्हा तिला अडाणी ठरवून बालमानसशास्त्र सांगू नये. अंगठा उठवून काय काय जाते ते तिने पाहिले आहे. तिचे म्हणणे खरे आहे, खारघरच्या सूनबाईंचीही भीती खरी आहे. चूक आहे ती एवढीच की दोघींनाही आपण मोजायला एकच माप दिले आहे: कागदावर दिसते ते. वाल सोलता येणे कागदावर दिसत नाही. 'कमळ' चे तीन तुकडे कानाला ऐकू येणे दिसत नाही. आपली पाळी येईपर्यंत न रडता थांबणे तर मुळीच दिसत नाही.

आकड्यांचेही असेच. अंकलिपीच्या उत्तरार्धात पूर्वी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी असे. सोळा आण्यांचा रुपया होता तोवर त्यांना बाजारात अर्थ होता. १९५७ साली शंभर पैशांचा रुपया आला आणि त्यांचा प्राण गेला, तरी माझ्यासारखे मास्तर त्या पुढेही घोकून घेत होते. मोजणे आणि म्हणणे यांत आम्ही भेद केला नाही. एक ते शंभर धडाधड म्हणणाऱ्या मुलापुढे बारा चिंचोके टाकून "सात दे" म्हटले तर ते गोंधळते, हे मी शेकडो वेळा पाहिले. आणि मराठीतले अंक तर खरोखर अवघड. लिहिताना आधी दोन मग सात, बोलताना आधी सात मग वीस: सत्तावीस. एकोणतीसमध्ये तीस ऐकू येतात आणि लिहायचे दोन आणि नऊ. म्हणून २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात, मंगला नारळीकर अध्यक्ष असलेल्या समितीने, सत्तावीसच्या जोडीला 'वीस सात' असेही म्हणण्याची सोय ठेवली, तेव्हा काय हलकल्लोळ झाला! मराठी बुडाली, जोडाक्षरे बुडाली, संस्कृती बुडाली. थट्टा करणाऱ्यांत माझे दोन-तीन निवृत्त सोबतीही होते. त्यांना मी एवढेच म्हटले की आपल्या वर्गात सत्तावीसचे बहात्तर लिहिणारी किती मुले होती ते आठवा, आणि त्यांना आपण काय केले तेही आठवा. ते गप्प बसले. जुने शब्द ठेवावेत असेच मलाही वाटते. एकोणतीस हा शब्द मला फार आवडतो. पण सहा वर्षांच्या मुलाने तो आवडण्याइतका ओळखीचा होईपर्यंत त्याला हाताला धरायला दुसरा शब्द दिला, तर बिघडते कोठे?

सरकारचे २०२० सालचे शैक्षणिक धोरण तीन ते आठ ही वर्षे एकाच पायाभूत टप्प्यात धरते आणि या वयात खेळातून शिकण्यावर भर देते. कागदावर हे सर्व ताराबाईंना पटावे असेच आहे. मात्र कागदावरचे अंगणात यायला किती वेळ लागतो हे आम्ही मास्तरांनी पाहिलेले आहे, आणि दरम्यान नाक्यानाक्यावर बालवर्गाच्या पाट्या लागत आहेत, त्यांवर हसरी अस्वले आहेत, आणि आत चाररेघी वह्या आहेत.

नातवाचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. वसुबारसेला आमच्याकडे वाल भिजवले होते. दुसऱ्या दिवशी आमची मंडळी परात घेऊन पडवीत बसली. नातू आधी लांबून पाहत होता. मग त्याने एक वाल उचलला आणि दाबला. तो थेट माझ्या चष्म्यावर आला. एवढे झाल्यावर त्याला तेथून उठवणे कोणाला शक्य नव्हते. पहिले वीस-पंचवीस भिंतीवर, जमिनीवर, मांजराच्या अंगावर. नंतर एक नीट निघाला. तो त्याने बराच वेळ उजेडात धरून पाहिला आणि वेगळ्या वाटीत ठेवला. दुपारी अंगणात किल्ला केला. मी कर्नाळा करू या म्हटले, तेव्हा त्याने मूठभर चिखलाचा सुळका उभा केला. तो तीनदा पडला, चौथ्यांदा राहिला. किल्ल्यावर अळीव पेरताना बी चिमटीतून थोडे थोडे सोडायचे असते हे त्याला त्याच्या आजीने दाखवले.

संध्याकाळी सूनबाईंनी पिशवीतून वही काढली. पेन्सिलही काढली. नातू पडवीतच होता, आणि वाटीतल्या डाळिंब्या मोजत होता. अकराच्या पुढे त्याचे सारखे चुकत होते आणि तो पुन्हा एकपासून सुरुवात करीत होता. सूनबाई थोडा वेळ दारात उभ्या राहिल्या. मग वही उंबऱ्यावर ठेवून त्या परातीपाशी बसल्या, कारण वाल अजून निम्मे उरले होते.